लोखंडी मुखवट्याचा खेळ

राजूरला आमचं घर आणि आमचा व्हिडिओ यांच्यात एकच भिंत होती, तीही पत्र्याची. इकडे आई भाकरी थापायची आणि पलीकडे कुणीतरी कुणाच्या तरी खुनाचा बदला घेत असायचं. दोन्ही आवाज असे मिसळायचे की आई म्हणायची, "माझी भाकरी आधी मार खाती न् मंग तव्यावर पडती." व्हिडिओ म्हणजे काय ते आता माझ्या नातवंडांना समजावून सांगावं लागतं. पत्र्याची लांबट शेड, खिडक्यांना गोणपाट, खाली सारवलेली जमीन, त्यावर तरटं, आणि पुढे लाकडी टेबलावर एक रंगीत टीव्ही, त्याच्या पोटाशी व्हीसीआर. बस्स. नातू विचारतो, "आणि स्क्रीन केवढी?" मी हाताने दाखवते. तो हसतो. हस बाबा. त्या एवढ्याशा काचेत आम्ही अख्खी मुंबई बघितली आणि काय काय बघितलं.

व्हिडिओ माझे वडील चालवायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सगळं राजूरही दादाच म्हणायचं. सबंध दिवस सिनेमे लावणाऱ्या ह्या माणसाने धड एकही सिनेमा बघितलेला नव्हता. व्हीसीआर टीव्हीखाली, म्हणून दादांचा स्टूल टीव्हीच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून, तोंड लोकांकडे. जुन्या कॅसेटी घासून घासून पार गेलेल्या असायच्या, मध्येच चित्रावर आडवे पट्टे यायचे. मग ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं, की पट्टे जातात. पण दादांना पट्टे दिसायचे कुठून? ते बघायचे माणसांची तोंडं. कपाळाला आठ्या पडल्या, डोळे बारीक झाले, की दादांची बोटं बटणावर. लोकांची तोंडं परत सरळ झाली की बोटं मागे. टीव्हीच्या उजेडात सगळी तोंडं निळी दिसायची आणि दादा त्या निळ्या तोंडांवर नजर ठेवून बसायचे, शेतावर राखणीला बसल्यासारखे. एखाद्या सिनेमात काय आहे असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "गोष्ट मला म्हाईत न्हाई. पर मधी एकदा बाया लई रडत्यात आन् शेवटाला पोरं तरटावर उठून नाचत्यात. चांगला असंल."

बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ फक्त बायांचा. डोंगरावरच्या वाड्यांतून बाया हिरडा, नाचणी, कोंबड्या घेऊन खाली यायच्या. माल विकून झाला की परतीच्या गाडीला वेळ असायचा. त्या वेळात टोपल्या दाराशी रचून आत यायच्या. दादा त्यांना देवादिकांचे सिनेमे लावायचे. त्यांना हिंदी फार कळायचं नाही, म्हणून टीव्हीच्या दुसऱ्या बाजूला मी उभी. सातवी झाल्यावर मी घरीच होते आणि भिंतीपलीकडून ऐकून ऐकून हिंदी माझ्या तोंडात बसलेली. मी सांगायची, "आता सासू म्हणतीय, हिला घराबाहेर काढा." मग बाया सासूला शिव्या घालायच्या. कधी सिनेमातलं बोलणं मला नाहीच कळलं तर मी माझं घालायची. एकदा मी एका राजाला कोतुळच्या बाजाराला पाठवलं होतं. कुणी काही म्हटलं नाही.

त्या साली माझी मोठी बहीण विमलताई घरी आलेली होती. तिला दिली होती खर्ड्याला, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आम्ही डोंगरातले, ती माळावरची. तिथली बातमी आमच्याकडे यायची म्हणजे वाटेत शिळीच व्हायची. ताई न कळवता आली, हातात एक पिशवी. "आले माहेरपणाला," म्हणाली. आईने गरम पाणी काढून दिलं, जेवायला घातलं, आणि दोन दिवसांनी आईच्या लक्षात आलं की ही हंडा डाव्या हातानेच उचलते. "काय गं, हाताला काय झालंय? दुखतंय का?" ताई म्हणाली, "न्हाई गं. झोपंत आखडलाय." पोलक्याच्या बाह्या कोपरापर्यंत, भर उन्हाळ्यात. आमची ताई लग्नाआधी बाह्या खांद्यापर्यंत दुमडून नदीवर गोधड्या आपटणारी. पण लग्न झालेल्या पोरीत बदल होतोच, असं सगळ्यांनी धरलं. आई रोज एकदा विचारायची, "दुखतंय का?" ताई रोज म्हणायची, "न्हाई."

मग खर्ड्याहून निरोप आला की पाव्हणे न्यायला येताहेत. आले तेही नेमके बाजाराच्या दिवशी. ताईचे सासरे आणि आमचे दाजी. दाजी टेम्पो चालवायचे, बोलायला गोड, अंगावर कडक इस्त्री. येताना पेढे आणले होते. राजूरला पेढे आणणारा हा पहिलाच माणूस, कारण अख्खा तालुका पेढे न्यायला राजूरला येतो. आईने पुडा उलटून बघितला तर आमच्याच स्टँडवरच्या दुकानातला. "गाडीतून उतरल्या उतरल्या घेतल्यात जावयानं," आई माझ्या कानात म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली. जावई म्हणून तिने मासवड्या केल्या होत्या. तीळ-खोबऱ्याचं सारण, बेसनाची पारी, आणि असा झणझणीत रस्सा की शेजारणी शिंकत होत्या. दाजी जेवले, दोनदा रस्सा मागितला, "सासूबाईंच्या हाताला चव लई," म्हणाले. ताई वाढत होती, डाव्या हाताने. सासरे म्हणाले, "चारच्या गाडीनं निघूत आम्ही. उशीर नको." दादा दाराशी उभे होते. व्याही बसलेले असताना दादा कधी बसायचे नाहीत. पोरीच्या बापाने उभं राहायचं, असं त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, पण ते उभे राहायचे. म्हणाले, "व्हय व्हय. तुमचीच लेक हाय."

ताईची पिशवी भरून ओट्यावर ठेवलेली. चार वाजायला अवकाश होता, म्हणून आई म्हणाली, "जा गं, बायांचा खेळ बघून ये. तिकडं कुठं बघायला मिळतो तुला?" पाव्हणे बाहेर चहाच्या बाकावर बसले आणि ताई आत येऊन मागच्या भिंतीशी टेकली. तिच्या बाजूला ठमाआजी. ही वरच्या वाडीची म्हातारी, बायांच्या खेळाला कधी चुकायची नाही. तिच्या घराची एक वेगळीच ओळख होती. त्यांच्या बोहाड्यात राक्षसाच्या मुखवट्याचा मान तिच्या नवऱ्याकडे. बोहाडा म्हणजे आमच्या डोंगरातला मुखवट्यांचा उत्सव. संबळ वाजतो, टेंभे पेटतात, आणि एकेक देव, एकेक दैत्य नाचत येतो. त्याला सोंग म्हणतात. आमच्या घरात बुद्धाची तसबीर, देव्हारा नाही, पण बोहाड्याला आम्ही सगळ्यांच्या आधी जाऊन जागा धरायचो. सोंगं बघायला देव मानावा लागत नाही.

तर त्या दिवशी दादांनी डबी उघडली. डबीवर देवीचं चित्र, आणि आतली कॅसेट काळीकुट्ट, भलतीच. कॅसेटी भाड्याने देणाऱ्या दुकानदाराकडून डब्या बदललेल्या. इंग्रजी सिनेमा, बोलणं तेवढं हिंदी केलेलं. दादांनी थोडा चालवून ऐकला आणि मला म्हणाले, "मंगे, ही तर नुसती मारामारी हाय. बाया उठून जातील." पण बाया तरटांवर मांड्या घालून बसलेल्या, शेंगांच्या पुड्या सोडलेल्या. ठमाआजी मागून ओरडली, "दादा, लाव काय असंल ते! गाडीला येळ हाय." लावला.

एक गाव होतं, मोठं, काळं, आणि तिथे सारखा पाऊस. एक लोहार होता, त्याच्या भावाला गुंडांनी मारलेलं. त्याने भट्टीत लोखंडाचा मुखवटा केला, लोखंडाचा पंजा केला, आणि तो एकेका गुंडाला गाठून ठेचायला लागला. त्याची ताकद अशी की त्याला दुखायचंच नाही. गोळी लागो, सुरी लागो, दुखणार नाही. आता असले सिनेमे शहरात पोरं टाळ्या वाजवत बघतात. आमच्या बायांनी तो कसा बघितला ते सांगते. मुखवटा पहिल्यांदा पडद्यावर आला तशी ठमाआजी उठली, वाट काढत पुढे आली, कनवटीची पुडी सोडली आणि टीव्हीच्या काचेला कुंकू लावलं. "सोंग आलं की लावाया पायजे," एवढं बोलून ती परत जागेवर. मग सगळ्याजणींना उलगडा झाला की हा बोहाडाच आहे, फक्त मोठ्या गावचा.

"ह्या सोंगाचा मान कुनाच्या घरी गं, मंगल?"

"लोहाराच्या."

"आन् एवढ्या मोठ्या गावात एक दिवा न्हाई?"

"लाईट गेली असंल. आपल्याकडं जात न्हाई का?"

"सारखा भिजतोय मेला. घरी कुनी बाईमानूस न्हाई वाटतं डोस्कं पुसाया."

"आन् जेवतो कवा? मगापासून मारतोच हाय."

मी सांगितलं की त्याला दुखत नाही, ही त्याची शक्ती आहे. त्यावर बायांमध्ये नापसंतीच पसरली. एक जण म्हणाली, "दुखतच न्हाई तर त्यात काय मोठेपना? आमाला दुखतंय आन् आमी डोंगर चढतो." सगळ्या हसल्या. मीही हसले. दादा नाही हसले, ते आपलं तोंडं बघण्यात.

मग तो प्रसंग आला. मुखवटेवाल्याने एका गुंडाला बोळात गाठला. आधी नुसते बुटांचे आवाज, टाक, टाक, टाक, ओल्या फरशीवर. मग त्याने पंजा उचलला. बाया रंगात आलेल्या, "हान त्याला! हान!" एका लेकुरवाळीने तर पोराचा हात धरून हवेत गुद्दा हाणला. आणि मी बघितलं, दादांची बोटं ट्रॅकिंगच्या बटणावर गेली. चित्र स्वच्छ होतं. माझ्या बाजूने मला दिसत होतं, एकही पट्टा नव्हता. दादांनी बटण इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, मागे नजर लावून. चांगलं चित्र बिघडलं, बाया ओरडल्या, "आवं दादा, दिसत व्हतं की!" दादांनी परत सरळ केलं आणि बघत राहिले. मग मी पण त्यांच्या नजरेच्या रेषेत मागे बघितलं.

सगळी तोंडं पुढे झुकलेली, हसरी. एकच तोंड दिसत नव्हतं. मागच्या भिंतीशी विमलताईने दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले होते. कुणाला कळावं म्हणून नाही, हो. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. पंजा वर जायच्या आधी, नुसते बूट वाजले की तिचे हात वर जायचे, कोपरं बरोबर कानांवर, हनुवटी छातीत. पंजा खाली आला की हात सुटायचे. परत बूट वाजले, परत वर. उजवा हात वर करताना अर्ध्यातच थांबायचा आणि ती डाव्याने त्याला उचलून धरायची. तिचे डोळे मिटलेले होते. ती सिनेमा बघतच नव्हती. तिला तो पाठ होता.

दादांनी पॉजचं बटण दाबलं. लोखंडी पंजा वरच्या वर थरथरत थांबला. बाया म्हणाल्या, "काय झालं?" आणि दादांकडे बघितलं, मग दादा बघत होते तिकडे बघितलं. अशी एकेक मान मागे वळत गेली. शेडमध्ये व्हीसीआरची घरघर तेवढी राहिली. ताईचे हात अजून डोक्यावर. ठमाआजीने, कोंबडीखालचं अंडं काढावं इतक्या हळू, तिचा एक हात धरून खाली घेतला, मग दुसरा, आणि दोन्ही आपल्या मांडीवर ठेवले. बाही थोडी वर सरकली. ठमाआजीने काय ते बघितलं आणि बाही परत खाली ओढली.

"दुखतंय का गं, बाई?"

आई हेच रोज विचारत होती. ताईने डोळे उघडले. पहिल्यांदा ठमाआजीकडे, मग आम्हा सगळ्यांच्या पलीकडे, स्टुलावरच्या दादांकडे बघितलं.

"दुखतंय," म्हणाली.

एवढंच. ना कुणाचं नाव घेतलं, ना काही गाऱ्हाणं सांगितलं. दादा उठले आणि बायांमधून वाट काढत बाहेर गेले. मी मागोमाग.

बाहेर ऊन असं होतं की डोळे दिपले. सासरे मनगटावरचं घड्याळ बघत होते. "झाला का सिनेमा? बोलवा तिला." दादा त्यांच्या समोर गेले आणि बाकावर बसले. मी सांगते, त्या घडीला मला सगळ्यात जास्त भीती वाटली असेल तर ह्याची. दादा व्याह्यांसमोर बसले.

"पाव्हणं, पोरगी येनार न्हाई."

"येनार नाही म्हंजे? दोन गाड्या बदलून आलोत आम्ही."

"जेवलात, आता परत दोन बदला. पोरगी हितंच राहील."

दाजी हसले, तेच गोड हसणं. "मामा, भांड्याला भांडं लागतंच की. तीन तासांचा सिनेमा बघून कुनी लेकीचा संसार मोडतं का?"

"म्या सिनेमा बघितलाच न्हाई," दादा म्हणाले. "म्या लेक बघितली."

तोवर बाया बाहेर आल्या होत्या, पदराने ऊन अडवत, दारातल्या टोपल्यांच्या मागे उभ्या. आई पिठाच्या हाताने ओट्यावर. दाजी आईला म्हणाले, "सासूबाई, तुमी तरी सांगा." आईने ओट्यावरची ताईची पिशवी उचलली, आत नेली आणि परत येऊन जागेवर उभी राहिली. मग ठमाआजी पुढे झाली.

"जावईबापू, आमच्या घरी राक्षसाचं सोंग हाय. माझा म्हातारा रातभर राक्षस हुतो, काय बी नाचतो, समद्यांना भ्या दावतो. पर मुखवटा उतरवून, तोंड धुऊन, गावाम्होरं हात जोडल्याबिगर मी त्याला उंबरा वलांडू देत न्हाई. दारात तांब्या घेऊन मीच हुबी असते. तुमी तर तसंच घरात जाताय." आणि त्यांच्या तोंडाकडे बोट करून, "आदी उतरवा. मंग बघू."

कुणी हसलं नाही. सासऱ्यांनी दाजींकडे बघितलं. मला वाटतं त्या म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं. तो उठला. चारची गाडी आली, कंडक्टरने घंटी मारली, पाव्हणे गेले. पेढ्यांचा पुडा ओट्यावर राहिला होता. आईने तो आणि उरलेल्या सगळ्या मासवड्या बायांमध्ये वाटून टाकल्या. "खावा गं," म्हणाली, "जावयासाठी केल्या हुत्या. नशीब तुमचं." मग रडली.

पुढचं सगळं सोपं गेलं असं नाही. गावात कुजबुज झाली, भावकीतले चार जण समजावायला आले. दाजी परत एकदा आले, तेव्हाही तोंड न धुताच. पुढे रीतसर काडीमोड झाला. ताईचा हात नगरला दाखवला, हाड चुकीचं जुळलेलं होतं. ते पूर्ण सरळ कधीच झालं नाही, पण हंडा उचलण्याइतकं झालं. ताई अंगणवाडीत लागली, आधी मदतनीस, मग सेविका. आज राजूरच्या वरच्या वाड्यांमधली निम्मी माणसं तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली आहेत. परवा तिच्याकडे गेले तर शिकवलेला एक पोरगा शिपायाच्या वर्दीत पाया पडायला आलेला. ती त्याला म्हणाली, "नखं काप आधी."

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या पुढच्या बाजाराचं. दादांनी ह्या वेळी देवीची खरी कॅसेट मागवून ठेवली होती. बाया आल्या, बसल्या, आणि ठमाआजी म्हणाली, "देवी ऱ्हाऊ दे. त्या लोहाराचं काय झालं? सोंग अर्ध्यात टाकून उठाया नसतंय." दादांनी माझ्याकडे बघितलं, मी ताईकडे. ताई त्या दिवशी माझ्याबरोबर टीव्हीसमोर पुढच्याच रांगेत बसली होती, बाह्या दुमडून. काचेवरचं कुंकू तसंच होतं. दादा रोज फडक्याने काच पुसायचे, पण तेवढा कोपरा सोडून. ताई म्हणाली, "लावा की. मला बी शेवट म्हाईत न्हाई."

ती काळी कॅसेट अजून परत गेलेली नव्हती; पंजा जिथे थांबला होता तिथूनच लागला. मी सांगू लागले. बूट वाजले तसा ताईचा डावा हात उठला, अर्ध्यात आला. सगळ्या बाया, पडद्याकडे तोंड ठेवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होत्या. हात तिथे क्षणभर राहिला. मग तो खाली, शेजारी बसलेल्या ठमाआजीच्या शेंगांच्या पुडीकडे गेला, आणि ताईने मूठभर शेंगा घेतल्या. परत बूट वाजले तेव्हा ती टरफल फोडत होती. पुढे पुढे तर ती पण बोलायला लागली. मुखवटेवाला छपरावरून उडी मारताना घसरला तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "लोखंड घालून पावसात गेल्यावर गंजनारच की!" आणि सगळी शेड हसली, आणि सगळ्यात उशिरापर्यंत ताईच हसत राहिली. ते हसणं मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

दादा स्टुलावर होते, नेहमीसारखे. ते ताईचं तोंड बघत होते. बराच वेळ बघितलं. कुठे आठी नाही, कुठे काही सरळ करायचं नाही. मग त्यांनी बटणावरची बोटं काढली, स्टूल उचलला, वळवून टीव्हीसमोर आमच्या रांगेत आणून ठेवला आणि बसले. पट्टे आले तर येऊ देत. त्यांनी डोळे बारीक करून त्या काळ्या पावसाकडे बघितलं, आणि लहान पोराने विचारावं तसं मला विचारलं, "मंगे, ह्यो कोन गं? काय चाललंय? मला पयल्यापासनं सांग."

बाया म्हणाल्या, "आता पुन्हा पयल्यापासनं?"

"व्हय," ताई म्हणाली, "पयल्यापासनं. सांग गं तू." आणि मी सांगितलं.